चित्र अडकलं

रविवारी दुपारी तो खाली जाऊन मांडणीसाठी स्क्रू घेऊन आला. लागणार होते चार, आणले आठ. दोन हरवतात आणि दोन वाकडे जातात, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. हॉस्पिटलमधली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला घरातली एक मांडणी भिंतीला धड लावता येत नाही, यावरून बायको सकाळपासून त्याची फिरकी घेत होती.

परदेशातून कायमचं परत येऊन त्यांना दीड महिना झाला होता. अकरा वर्षांचा संसार खोक्यांत भरून आला होता आणि निम्मी खोकी अजून उघडायची होती. बायकोला शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली होती. मुलगी आठ वर्षांची. खरं नाव चांगलं लांबलचक, पण अंगानं लहानखुरी आणि जिभेनं तिखट, म्हणून सगळे तिला मिरी म्हणत. आणि अण्णा, म्हणजे त्याचे वडील. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेला हा माणूस आई गेल्यापासून आठ महिने या घरात एकटा होता. आता त्यांना स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं वाटत असावं. खोलीत कुणी आलं की ते उगाच उठून उभे राहायचे.

चारच्या सुमाराला तो चहा ओतत होता. दोन कप भरले, तिसऱ्यावर किटली वाकडी केली आणि आवाज गेले. पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न, मिरीची बडबड, सगळे एका दमात. त्यानं मान वळवायला बघितलं, तर मान वळेना. हात तसाच वाकडा. कप भरला, बशी भरली, चहा टेबलावरून ओघळून त्याच्या पावलावर पडू लागला. पाऊल भाजत होतं, ते कळत होतं, फक्त काढून घेता येत नव्हतं. समोर बायकोचे ओठ हलत होते. आणि कुठूनतरी बामाचा वास येत होता. आई दुपारी कपाळाला चोळायची, तो.

मग हात हलला आणि आवाज परत आले.

"अरे, लक्ष कुठंय तुझं?" बायको फडकं घेऊन आली होती. "कधीची ओरडतेय मी."

"दमलोय," तो म्हणाला.

अण्णा आतल्या दारात उभे होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि आत गेले.

हॉस्पिटलात ओळख होतीच. मेंदूच्या डॉक्टरांनी त्याला, त्यानंच गेल्या आठवड्यात दुरुस्त केलेल्या यंत्रात घालून तपासलं. सगळं व्यवस्थित निघालं. "जागा बदलली की शरीर कुरकुरतं," डॉक्टर म्हणाले. त्याला बरं वाटलं. आपल्याला हवं ते बोलणारा डॉक्टर भेटला की बरं वाटतंच.

पुढच्या रविवारी चारच्या सुमारास तो मिरीला सायकल शिकवायला घेऊन गेला. इमारतीमागची गल्ली उताराची, पण मोकळी. टोकाला मोठा रस्ता. तो सीट धरून पळत होता. "सोडू नकोस हं बाबा," ती म्हणत होती. "नाही सोडत," तो म्हणत होता. आणि आवाज गेले.

हात पुढे, बोटं सीट धरल्यासारखी वळलेली, एक पाय उचललेला. सायकल त्याच्या बोटांतून पुढं निघून गेली. उतारावर तिचा वेग वाढला. मिरीनं मागं वळून पाहिलं, तिचं तोंड उघडलं, ती त्याला हाक मारत होती हे तिच्या गळ्याच्या शिरांवरून दिसत होतं. तो बघत राहिला. दुसरं काही करताच येत नव्हतं. बामाचा वास आता अगदी नाकाशी होता... आणि कुणीतरी समोरून, हातभर अंतरावरून, आपल्याकडे टक लावून बघतंय असं त्याला वाटत होतं. रागानं नव्हे. ओढीनं.

मोठ्या रस्त्यावरच्या एका स्कूटरवाल्यानं कचकन ब्रेक दाबले म्हणून मिरी वाचली. गुडघा आणि कोपर सोलवटलं, एवढ्यावर निभावलं. त्या माणसानं तिला उचलून आणलं आणि त्याला भर गल्लीत शिव्या घातल्या. तोवर त्याचा पाय खाली टेकला होता. त्यानं शिव्या ऐकून घेतल्या.

घरी बायको जखम धुवत असताना मिरीनं विचारलं, "बाबा, तू आजीवालं केलंस ना?"

बायकोचा हात थांबला. "आजीवालं म्हणजे?"

"ते चित्र अडकायचं. आजीचा फोन असला की करायचा ना तो. माझ्या मांडीला हात लावला की मी पण करायचे." तिचा आवाज कापायला लागला. "पण मी तर तुला बोलवत होते, बाबा..."

त्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. कारण पोरगी खरं बोलत होती.

त्याचं असं झालं होतं. दर रविवारी इथले दुपारचे चार म्हणजे तिथली सकाळ. आई साखरेच्या डब्याला फोन टेकवून बसायची. शेजारणीचं ऑपरेशन, जिन्यातला दिवा, अण्णांचा खोकला, तू काय खाल्लंस, परत शेजारणीचं ऑपरेशन. एकदा खरोखरच नेट गेलं, त्याचा चेहरा पडद्यावर तसाच थिजला आणि आई म्हणाली, "अगबाई, चित्र अडकलं बघ तुझं. ठेव आता, पुढच्या रविवारी बोलू." किती सोपं होतं ते. पुढच्या रविवारी नेट उत्तम होतं आणि त्यानं आपणच चित्र अडकवलं. तोंड अर्धं उघडं, एक डोळा अर्धवट मिटलेला, कारण खऱ्या अडकलेल्या चित्रात कुणी देखणं दिसत नाही. यंत्रातलं काम करणारा माणूस. नक्कलही बारकाईनं करायचा. आईचं "हॅलो... ऐकू येतंय का रे?" सहन होईना म्हणून आवाज आधीच बंद करून ठेवायचा. हळूहळू पाच मिनिटांत अडकायला लागला, मग तीन. पुढे मिरीलाही शिकवलं. बाप-लेकीचा खेळ म्हणून. फोन बंद झाला की दोघं खो खो हसायचे.

बायको त्या वेळी आंघोळीला जायची. तिला आज कळलं. ती मिरीच्या गुडघ्याला पट्टी लावून तिला आत घेऊन गेली. ती चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

मागे खुर्ची सरकली. अण्णा येऊन बसले होते.

"तिला माहीत होतं," अण्णा म्हणाले.

"काय?"

"तुझ्यामागे खिडकी होती. तू थिजलेला, आणि मागचा पडदा वाऱ्यानं हलायचा." अण्णा टेबलावर बोटानं रेघ ओढत होते, जुनी सवय. "पहिल्या महिन्यातच मला दाखवलं तिनं. मी म्हटलं, झाप त्याला. तर म्हणाली, दमत असेल हो. हलला की लगेच जातो तो, असा थांबला की निदान बघता तरी येतं मला."

अण्णांची रेघ टेबलाच्या कडेपर्यंत गेली आणि परत आली.

"मग तू बंद करेपर्यंत बसायची. तुला संशय येऊ नये म्हणून मधूनमधून हॅलो हॅलो करायची."

"अण्णा, पुरे."

"शेवटच्या रविवारी मात्र मला म्हणाली, तुम्ही बाहेर जा. त्याला एक सांगायचंय. मी बाहेर गेलो. दाराआडून तिचा आवाज येत होता, बराच वेळ. शब्द कळले नाहीत." अण्णांनी वर पाहिलं. "काय म्हणाली रे?"

त्या रविवारी तो दोन मिनिटांत अडकला होता. आवाज नेहमीसारखा बंद होता. तोंड अर्धं उघडं ठेवून समोर हलणारे तिचे ओठ बघत होता आणि कधी एकदा संपतंय याची वाट बघत होता. त्यानंतर चौथ्या दिवशी ती गेली.

"ऐकलं नाही मी," तो म्हणाला. एवढं वाक्य बोलायला त्याला जन्म गेल्यासारखं वाटलं. अण्णांनी मान हलवली, उठले, आणि त्या रात्री जेवले नाहीत.

तो आठवडा कसा गेला ते सांगण्यात अर्थ नाही. मिरी त्याच्याशी बोलायची, पण रस्ता ओलांडताना आईचा हात धरायची. त्याच्या जिवाला लागलं ते हे. शनिवारी त्यानं बायकोला सगळं सांगितलं; वास, नजर, आवाज जाणं. विज्ञानाची शिक्षिका ती, हसेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "उद्या चारला मी शेजारी बसते. मिरीला वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे पाठवू. तू माफी माग त्यांची. आणि ऐक एकदाचं काय ते."

रविवारी अण्णा आपणहून बाहेर गेले. त्यानं आईची खुर्ची माळ्यावरून काढली, पुसली, तिच्यावर तिची जाड गादी घातली आणि टेबलापाशी, आपल्या समोर ठेवली. बायको त्याच्या उजव्या हाताला बसली. खिडक्या उघड्या, बाहेर लख्ख ऊन, कुठंतरी पाण्याची मोटर चालू.

"आई," तो रिकाम्या खुर्चीला म्हणाला, "मी लबाडी केली. दर आठवड्याला केली. पोरीलाही शिकवली. मला तोंड दाखवायला जागा नाही... पण तू काय म्हणालीस ते मला सांग. आता मी कुठं जात नाही."

मोटरीचा आवाज गेला. पंख्याचा गेला. मान ताठ झाली, तोंड अर्धं उघडं राहिलं, एक डोळा अर्धवट मिटला. बामाचा वास आला.

समोरची गादी मधोमध हळूच दबली.

मग त्याच्या चेहऱ्यावर श्वास लागला. कोमट. थांबून थांबून, माणूस बोलताना जसा लागतो तसा. लांब वाक्य, छोटं वाक्य, मध्ये जरा दम. पुन्हा लांब. ती बोलत होती. जे तेव्हा सांगितलं होतं तेच सांगत होती, त्याच्या तोंडाजवळ तोंड आणून, सावकाश, नीट समजावून. आणि त्याच्या कानात एक अक्षर येत नव्हतं. त्यानं जीव तोडून ऐकायचा प्रयत्न केला. त्याच्या उघड्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात उचलत नव्हता. आवाज त्यानंच बंद केला होता. तो त्याला उघडता येईना.

श्वास थांबला. मोटर ऐकू आली. हात सुटले.

"नाही ऐकू आलं," तो रडत म्हणाला. "मला काहीच ऐकू आलं नाही गं." आणि मग त्याच्या लक्षात आलं की आवाज फक्त त्याच्यापुरते गेले होते. बायको तर शेजारीच बसली होती. धडधाकट, दोन्ही कान शाबूत.

"तुला आलं ना? काय म्हणाली ती?"

 बायको ताठ बसली होती. तोंड अर्धं उघडं, हात टेबलावर तसाच, डोळ्यांची पापणी लवत नव्हती.

"अगं..."

 तिलाही झालं, असं त्याला वाटलं. त्यानं तिचा हात धरला. हात गार होता, पण मनगटाची शीर धाडधाड उडत होती. आणि कपाळावर सुटलेली तिची बट पंख्याच्या वाऱ्यानं हलत होती. घशाखाली तिनं आवंढा गिळलेलाही त्याला दिसला.

ती थिजली नव्हती. ती नक्कल करत होती.

ही बाई त्याच्याशी बारा वर्षांत एकदाही खोटं बोलली नव्हती. असं काय ऐकलं हिनं, की हिला आता हे करावं लागतंय? त्यानं तिला हलवायला हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. बट हलतेय हे सांगायचं धाडस त्याला झालं नाही. कुणी त्याला कधी सांगितलं होतं? तो बसून राहिला, तिच्याकडे बघत.

बऱ्याच वेळानं त्याला कळलं की ती त्याच्याकडे बघतच नाहीये. तिचे डोळे टेबलाच्या समोरच्या बाजूला, आईच्या खुर्चीवर लागले होते. त्यानं हळूच तिकडे मान वळवली.

गादी अजून वर आली नव्हती.