तीनदा पाहिलेली गल्ली

"खोल्या काय बघतेस, गल्ली बघ," मावशीनं ओदिलला बजावलं होतं. "एकदा सकाळी जा, एकदा शाळा सुटताना, एकदा शनिवारी संध्याकाळी. मग सही कर."

ओदिलनं ते हसण्यावारी नेलं. न्हाणीघरात ऐसपैस टब होता, खिडकीशी मेपलची फांदी होती. आणखी काय हवं? खालच्या मजल्यावर बार आहे, हे सामान लावून झाल्यावर कळलं. दोन वर्षांत तिच्या मुलीला, क्लेमाँसला, आकड्यांआधी शिव्या पाठ झाल्या. क्लेमाँसचे बाबा याच घरातून निघून गेले, पण त्याचा दोष बारला देता येत नव्हता.

यंदा एक जुलैला, सगळं माँट्रियल घरं बदलतं त्या दिवशी, तीही बदलणार होती. सप्टेंबरात क्लेमाँसची शाळा सुरू होणार. जिथे जाऊ तिथेच मुलगी मोठी होणार. आता चूक परवडणार नव्हती.

म्हणून मेमधल्या भुरभुर पावसात ती विलरे भागातल्या एका मागच्या गल्लीत वही घेऊन उभी होती. क्लेमाँस डबक्यात उभी होती. दुसऱ्या मजल्याच्या सज्ज्यात एक माणूस दोरीवरचे कपडे ओढून घेत होता. तो वरूनच म्हणाला,

"तिसऱ्यांदा आलात तुम्ही. चोर असाल तर आधीच सांगतो, चोरण्यासारखी एक सायकल आहे आणि तिला ब्रेक नाहीत."

"चोर नाही. घर शोधतेय."

"चोर इतकं निरखून बघत नाहीत."

"गाड्या येतात इथून?"

"येतात. पाय ओढत येतात."

"तळघरात कोण राहतं?"

"एक व्हायोलिनवाला. रात्री आठला थांबतो. नाही थांबला तर त्याच्या वरच्या मादाम तेरियो झाडूनं जमीन ठोकतात."

"कुत्रे?"

"एक आहे. तो तुम्हाला घाबरेल."

ओदिलनं लिहून घेतलं.

"अहो, तो विनोद होता."

"कळलं. कुत्रा एक, एवढंच लिहिलंय."

तो हसला. ओला शर्ट खांद्यावर तसाच... ओदिलनं नजर वहीत घातली. त्याचं नाव एमरिक. वयोवृद्ध वडील पडले होते, म्हणून तो एक जुलैला त्यांच्याकडे, सेत-ईलला चालला होता. इथून नऊशे किलोमीटर. आपला भाडेकरार त्याला कुणाच्या तरी नावावर करून द्यायचा होता.

"वर या, घर बघून घ्या."

"घर नंतर. आधी माणसं."

माणसं तिनं आठवडाभर बघितली. तळमजल्यावरच्या मादाम तेरियोंना विचारलं, गाड्या इतक्या हळू कशा? मधोमध फुलझाडांची पिंपं ठेवली ना त्या पोरानं, एमरिकनं. हिवाळ्यात मुलं कुठे खेळतात? इथेच, पहाटे पाणी मारून बर्फाचं मैदान करतो तो. तुम्ही एकट्या राहता, भीती नाही वाटत?

"सकाळी आठपर्यंत माझा पडदा उघडला नाही तर तो दार वाजवतो," मादाम म्हणाल्या. "एकदा मुद्दाम नाही उघडला. बघायचं होतं."

शनिवारी संध्याकाळी ओदिल त्याच्या सज्ज्यात गेली. खोल्यांकडे तिनं पाहिलंही नाही.

"ही गल्ली चांगली नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही चांगले आहात. आणि तुम्ही तर निघालात. मग मी सही कशावर करू?"

त्यानं दोरीवरचे चिमटे काढून डब्यात टाकले. मग म्हणाला, "मैदान करायला शिकवतो. एका वेळी बोटभरच पाणी... घाई केली की तडकतं."

"मेमध्ये?"

"तोंडी."

तिनं सही केली. जूनभर तो तिला शिकवत राहिला. नळ कुठून उघडायचा, पालिकेत कुणाला फोन करायचा, व्हायोलिनवाल्याला नाराज न करता कसं थांबवायचं. यातलं निम्मं तिला एकदाच ऐकून कळलं होतं. तरी ती पुन्हा विचारायला यायची, आणि तोही पुन्हा सांगायचा — पहिल्यापासून.

एक जुलैला गल्लीभर गाद्या आणि कपाटं होती. त्याचं सामान ट्रकमध्ये चढलं होतं. निघता निघता तो तिचा फ्रिज चढवायला थांबला. बाहेरच्या लोखंडी गोल जिन्यात, नेमक्या वळणावर, फ्रिज अडकला. वर ओदिल, खाली एमरिक. त्याचा मित्र पट्टा आणायला ट्रककडे गेला.

"ओदिल..."

"फ्रिज सांभाळा."

"सांभाळलाय. म्हणूनच आत्ता बोलतो, पळता येणार नाही. मला जायचं नाहीये."

तिला त्याची फक्त बोटं दिसत होती, दाबानं पांढरी पडलेली.

"मग राहा..."

"आणि बाबा?"

"नको. राहू नकोस." पहिल्यांदाच ती त्याला एकेरीत बोलली. "पण मी राहा म्हटलं होतं, हे लक्षात ठेव." आणि तिनं आपला हात त्याच्या बोटांवर ठेवला.

"ओदिल, तुझा हात इथे आहे. फ्रिज कुणी धरलाय?"

"तू."

"जड आहे."

"असू दे. थोडा वेळ."

मित्र पट्टा घेऊन आला. अर्ध्या तासानं ट्रक वळणापलीकडे गेला.

घर चांगलं निघालं. क्लेमाँसला आता गल्लीतल्या सगळ्या मुलांची नावं येतात, कुत्र्याचंही. डिसेंबरात ओदिलनं पाणी मारलं. पहिलं मैदान तडकलं, दुसरं टिकलं. सकाळी ती मादाम तेरियोंचा पडदा बघते आणि मगच कॉफी ठेवते. एमरिकचा फोन रोज यायचा. नोव्हेंबरात त्याचे वडील गेले. तेव्हापासून फोन नाही, आठवड्यातून एकदा दोन शब्द येतात: सगळं ठीक. हे दोन शब्द ओदिलला ओळखीचे आहेत. बारवरच्या घरात ती स्वतः मावशीला हेच कळवायची.

मार्चच्या शाळेच्या सुट्टीत ती क्लेमाँसला घेऊन तिकडे जाणार आहे, बसची तिकिटं काढून झाली आहेत. पण मार्च अजून सहा आठवडे लांब आहे, आणि तिथे शेजारी कुणी नाही. म्हणून त्या बाजूला निघालेल्या प्रत्येकाला ती विचारते, आणि आज तुम्हालाही विचारतेय: सेत-ईलच्या बंदराच्या धक्क्यामागे एमरिकचं पिवळं लाकडी घर आहे. जाणं झालंच तर सकाळी आठ वाजता एकदा बघाल का, पडदा उघडलाय का? नसेल उघडला तर दार वाजवा. तो हसून काहीतरी बोलेल. त्यावर जाऊ नका. आत जाऊन बसा, जेवलायस का विचारा, आणि मग मला कळवा.