तोंडचा शब्द

द्रुपदा ढेबे भाकरी थापत होती, आणि शेजारची शेगडी तिच्याच आवाजात तिच्या बहिणीशी बोलत होती.

"येते गं रविवारी. नाचणीचं पीठबी आणते," शेगडी म्हणाली.

द्रुपदाने भाकरी उलटली. रविवारी जायचं की नाही हे तिने अजून ठरवलं नव्हतं. पण आता शब्द गेला होता. म्हणजे नाचणी आजच दळायला टाकायला हवी.

यात तिला किंवा बहिणीला वावगं काही वाटलं नाही. फोन नावाची वेगळी वस्तू खिशात घालून हिंडायचे दिवस सरून तीस वर्षं झाली होती. आता फोन यायचा तो माणसाला, आणि त्याच्याजवळ जे काही असेल त्यातून बोलायचा. शेगडी, चष्मा, हातातलं कडं, दुचाकीचा आरसा, सगळं एकमेकांशी जोडलेलं. आधी या वस्तू नुसते निरोप पोचवत. पण रात्रंदिवस अंगाला चिकटून राहणाऱ्या वस्तूला माणसाची नाडी कळते, झोप कळते, कुणापुढे त्याचा आवाज खाली येतो आणि कुणापुढे चढतो तेही कळतं. शंभरातल्या नव्वद फोनांना हा काय उत्तर देणार हे वस्तूंना आधीच ठाऊक असेल, तर त्याला कामातून उठवायचं कशाला, असं शास्त्रज्ञांच्या मनात आलं. मग वस्तूच त्याच्या आवाजात उत्तर देऊ लागल्या. आरशात दिसतं ते प्रतिबिंब, तशी ही प्रतिवाणी. लोक नुसतं 'वाणी' म्हणत. पुढे कायदाही झाला: वाणीने दिलेला शब्द तो त्या माणसाचाच शब्द.

द्रुपदा उंबरमाचीच्या रोपवेवर चालक होती. उंबरमाची म्हणजे डोंगराच्या खांद्यावरचं साठ घरांचं गाव. वर जायला एकतर चौदाशे पायऱ्यांची पाऊलवाट, नाहीतर हा दोरावरचा पाळणा. दूध खाली यायचं, किराणा वर जायचा, शाळेची पोरं आणि आजारी माणसं दोन्हीकडून. पाळणा एकच. त्याला ओढणारं यंत्र खालच्या ठाण्यात, आणि त्या यंत्रापाशी बारा वर्षं द्रुपदा.

बाजाराच्या दिवशी दुपारी वारा चढला. पाळण्यात अकरा माणसं बसली होती. द्रुपदा दाराशी उभी राहून दोराकडे बघत होती. तिसऱ्या खांबापाशी दोर आडवा हलत होता. वारामापकाचा काटा मर्यादेच्या आत होता, पण तिला ते हलणं आवडलं नाही. तेवढ्यात तिच्या कड्यातून व्यवस्थापक पोतनीसांचा आवाज आला.

"द्रुपदाबाई, पाळणा अजून खालीच? सोडा की. वर दूध खोळंबलंय."

"व्हय सायेब, सोडते," कडं म्हणालं.

द्रुपदाने ओठही हलवले नव्हते. यंत्राच्या पेटीवर अक्षरं उमटली, 'चालकाचा होकार नोंदवला', आणि मोटर फिरू लागली. पाळणा फलाटावरून दोन हात पुढे सरकला. तिने धावत जाऊन हातब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी ओढला. पाळणा गचका खाऊन थांबला. आतली माणसं एकमेकांवर आदळली. एका म्हातारीचं कपाळ पाळण्याच्या दांडीला लागलं.

"अगं, तूच व्हय म्हणालीस ना आता?" आतून कुणीतरी ओरडलं.

"मी नाय म्हणाले," द्रुपदा म्हणाली. "उतरा समदी."

अर्ध्या तासाने वारा पडला. तोवर काहीच घडलं नाही. पाळणा गेला असता तरी काही झालं नसतं, असं म्हणायला लोकांना वाव राहिला, आणि लोक म्हणालेही.

आठ दिवसांनी तालुक्याच्या कार्यालयात चौकशी बसली. पोतनीसांनी आरोप वाचला. चालकाने स्वतः दिलेला शब्द स्वतःच मोडला आणि प्रवाशांना इजा पोचवली. त्यांच्या शेजारी डॉ. यशोधन मुळगुंद बसले होते. प्रतिवाणी बनवणाऱ्या मंडळींतले ते एक. साठीचा, मऊ बोलणारा माणूस. मुद्दाम शहरातून आले होते, कारण असं प्रकरण त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

"बाई, एक विचारतो," ते म्हणाले. "बारा वर्षांत पोतनीससाहेबांनी तुम्हाला चार हजारांहून जास्त वेळा फोन केला. तुम्ही किती वेळा 'नाही' म्हणालात?"

द्रुपदा आठवू लागली, तोवर उत्तर त्यांनीच दिलं.

"एकदाही नाही. पहिली चार वर्षं तर वाणी नव्हतीच. तेव्हाची उत्तरं तुमच्या तोंडची आहेत. ताप असताना तुम्ही 'व्हय' म्हणालात. भावाच्या दहाव्याच्या दिवशी 'व्हय' म्हणालात. वाणीने तुमच्या तोंडी काही घातलेलं नाही. जे होतं तेच ती शिकली."

डॉक्टर खोटं बोलत असते तर बरं झालं असतं, असं द्रुपदाला वाटलं. भावाच्या दहाव्याला ती खरंच कामावर गेली होती.

"डाक्टर, ते 'व्हय' माझंच," ती म्हणाली. "मी नाय म्हणत नाय. पन त्या दिवशी मला इचारलंच नाय की कुनी."

"विचारायची गरज पडू नये म्हणून तर ती आहे."

"आन इचारलं असतं, आन मी नाय म्हनले असते तर?"

"तशी शक्यता हजारात एक होती."

"मंग ती एक माझी हाय!" द्रुपदा उभी राहिली. कार्यालयातला पंखासुद्धा जोडलेला होता, भिंतीवरचं घड्याळही. सगळं ऐकत होतं. "नवशे नव्व्याण्णव तुमी घ्या. माणसं टांगणीला लावून मी कुनाला व्हय म्हननार नाय. सायेबाला नाय, तुमाला नाय, माझ्या सवताच्या आवाजालाबी नाय. माझी वाणी काढून टाका."

पोतनीस म्हणाले, "वाणी काढली की नोकरी गेली. न जोडलेला चालक नियमात बसत नाही."

मुळगुंदांनी हात वर करून पोतनीसांना थांबवलं. मग म्हणाले, "काढायची गरज नाही, बाई. माणूस आयुष्यात क्वचित असं बोलतो. वाणी शंभर साध्या शब्दांपेक्षा अशा एका शब्दाला जास्त वजन देते. उद्यापासून तिला तुमचं 'नाही' येत असेल."

तिला ताकीद देऊन सोडलं. परतीच्या वाटेवर तिला हसू येत होतं. आपण जिंकलो, असं तिला वाटलं.

आणि काही दिवस ते खरंही वाटलं. पोतनीसांचा फोन आला, "एक फेरी जास्त मारा," तर कडं म्हणालं, "नाय सायेब. दोराला तेल घालायचं हाय." तिच्याच आवाजात, पण तिला कधी जमला नसता अशा ठसक्यात. दूधवाल्याने पाच कॅन जास्त चढवायला सांगितले, कडं म्हणालं, "नाय." दर रविवारी हक्काने बोलावणाऱ्या बहिणीला शेगडी म्हणाली, "नाय गं, मला बी आराम हाय का नाय?" द्रुपदा पदर तोंडाला लावून हसली. बारा वर्षं पोटात दाबलेलं कुणीतरी बाहेर काढत होतं आणि तिला तोंडसुद्धा उघडावं लागत नव्हतं. पोतनीस फोन करायला कचरू लागले. गावात बायका तिच्याकडे जरा मान वर करून बघू लागल्या.

बहीण मात्र पुन्हा फोन करीना. ते द्रुपदाच्या उशिरा ध्यानात आलं.

मग तो मंगळवार उजाडला. सकाळचे दहा वाजले होते, वारा होता पण सरळ खोऱ्यातून वर जाणारा. द्रुपदाने दोर पाहिला, तिसरा खांब पाहिला. दोर आडवा हलत नव्हता. पाळणा वरच्या ठाण्यात उभा होता. वरचं ठाणं कोंडिबातात्या आखाडे सांभाळायचे. कड्यातून त्यांचा आवाज आला, घाबराघुबरा.

"द्रुपदे, सून अडलीया. पारू. पहाटपास्नं कळा देतीया, पोर आडवं हाय म्हनती सुईन. खाली दवाखान्यात न्याया पायजे. पाळणा वढ पोरी, वढ."

द्रुपदाने 'बसवा तिला' म्हणायला तोंड उघडलं. कडं तिच्या आधी बोललं.

"नाय तात्या. वारा हाय. माणसं टांगणीला लावून मी कुनाला व्हय म्हननार नाय."

पेटीवर अक्षरं उमटली: 'चालकाचा नकार नोंदवला'. मोटरला कुलूप लागलं.

"तात्या!" द्रुपदा ओरडली. "ती मी नव्हं! बसवा पारूला, मी वढते!"

"ऐकू नका तात्या," ठाण्याच्या भिंतीवरचा पंखा तिच्याच आवाजात म्हणाला. "घाबरल्यावर मी अशीच बोलते. वाऱ्यात बसवू नका तिला."

तिने कडं काढून बाहेर गवतात फेकलं. चष्मा काढला. पण पंखा होता, घड्याळ होतं, पेटी होती. वरून तात्यांचा आवाज येत होता, आणि त्यात आता रडू मिसळलं होतं.

"द्रुपदे, दोन द्रुपदा बोलत्यात. मी कुनाचं ऐकू? पोरीला पाळण्यात घातली आन मधीच थांबला तर? खरी कोन तुमच्यातली?"

"मी!" दोन आवाज एकदमच म्हणाले.

तिथे उभं राहून आणखी बोलण्यात अर्थ नव्हता. ती बोलेल ते वाणीही बोलू शकत होती. ठाण्यामागच्या पत्र्याच्या खोलीत जुनं डिझेल इंजिन होतं, वीज गेली तर म्हणून ठेवलेलं, कशाशीही न जोडलेलं. तिने मोटरचा पट्टा सोडवून इंजिनावर चढवला. हँडल मारलं. पहिल्या वेळी हँडलने उलट हिसका दिला आणि मनगट सुन्न झालं. तिसऱ्या वेळी इंजिन धडधडलं. आता पाळणा ओढता येत होता. फक्त वर तात्यांनी पारूला आत बसवून दाराची कडी लावायला हवी होती.

द्रुपदा फलाटाच्या टोकाशी गेली. तिचा बाप मेंढरं राखायचा. या डोंगरावरून त्या डोंगरावर माणसं हाळी द्यायची, पोटातून, तळहात तोंडाशी धरून, शब्द लांबवून. तिने स्वतः हाळी नऊ-दहा वर्षांची असताना दिली होती. त्यानंतर कधीच नाही, आणि कुठल्याही वस्तूने ती ऐकलेली नव्हती.

"तात्याऽऽऽ हो ऽऽऽ!"

वाऱ्याने हाळी उचलली आणि डोंगरकड्यावर नेऊन आपटली. खोरं घुमलं. पंखा, घड्याळ, पेटी गप्प झाली होती; ही हाळी त्यांना येत नव्हती.

"पारूलाऽऽऽ बसवाऽऽऽ!"

वरून काही वेळ काहीच आलं नाही. मग फार लांबून, म्हाताऱ्या छातीतून निघालेली हाळी खाली उतरली. "बसवलीऽऽऽ!"

तिने दांडा ढकलला. पाळणा अकरा मिनिटांत खाली आला. तिसऱ्या खांबापाशी तो जरा डुलला, तेव्हा तिने डोळे मिटून घेतले नाहीत. पारू अर्धवट शुद्धीत होती. तात्यांनी वरून बोलावलेली दवाखान्याची गाडी फाटकाशी उभी होती. दुपारी एक वाजता निरोप आला, दोन्ही जीव वाचले, मुलगी झाली. तो निरोप सांगायला दवाखान्यातली नर्स स्वतः चालत आली, कारण द्रुपदा फोन घेत नव्हती.

संध्याकाळी डॉ. मुळगुंद आले. त्यांना वाटेतच सगळं कळलं होतं. ते फलाटावर बाकावर बसले.

"बाई, नोकरी जाणार नाही. मी लिहून देतो," ते म्हणाले. "चूक वाणीची होती. तिला तुमचं 'व्हय' येत होतं, मग 'नाही' आलं. केव्हा काय, ते मात्र आलं नव्हतं."

"ते मलाबी आधी ठाव नसतं, डाक्टर. दोराकडं बघितल्यावर कळतं."

"हो." त्यांना बोलायचं जिवावर आलं होतं, आणि तरी डोळ्यांत शास्त्रज्ञाची लकाकी होती. "पण आज तुम्ही जी साद घातलीत ना, ती पेटीने नोंदवली. असा नमुना आमच्याकडे कुणाचाच नव्हता. आता तुमची वाणी पुरी झाली."

"पुसून टाका ती."

"ती एव्हाना सगळीकडे पोचली असेल. तात्यांची हाळीसुद्धा."

द्रुपदा उठली. "डाक्टर, तुमी चांगलं मानूस हाय. पन उठा आता माझ्या बाकावरनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फलाटावर झाडत होती. कडं तिने घातलं नव्हतं. ठाण्याच्या छपरावरच्या भोंग्यातून एकाएकी हाळी उठली.

"तात्याऽऽऽ हो ऽऽऽ!"

आवाज तिचा, दम तिचा, शेवटचा हेलकावाही तिचा. तिने आपल्या ओठांवर बोट ठेवून पाहिलं. मिटलेले होते.

वरून उत्तर आलं. म्हाताऱ्या छातीतली, लांबवर ओढलेली हाळी. "बोऽऽऽल द्रुपदेऽऽऽ!"

ती ऐकत राहिली. ते तात्या होते की तात्यांची वाणी, हे तिला सांगता येईना. खाली तिचा आवाज पुन्हा काही विचारत होता, वरचा आवाज उत्तर देत होता, दूध किती, माणसं किती, पाळणा केव्हा. दोघांचं छान चाललं होतं. यंत्राच्या पेटीवर अक्षरं उमटली आणि मोटर फिरू लागली.

द्रुपदाने हातब्रेक ओढला, त्याला साखळी घातली, साखळीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. मग पदर बांधून ती पायऱ्यांकडे निघाली. चौदाशे होत्या. मागून भोंगा तिच्या आवाजात तिलाच हाका मारत होता, पण तिने मागे वळून पाहिलं नाही. वर कोण बोलतंय ते तिला समोर उभं राहून बघायचं होतं.