नेट्टाच्या सिनेमातली आयव्ही

कुणाला पटो न पटो, हे घडलंय. न्यूझीलंडमधलं आमचं ओमारू गाव, १९६८ चा जुलै, रविवारची भरदुपार.

नेट्टाचा नवरा बर्ट जाऊन तीन महिने झाले होते. तिच्या भाच्याला, मर्डोला, माळ्यावर सिनेमाचा डबा सापडला.

१९२८ साली एक फिरता सिनेमावाला गावोगाव तीच एक प्रेमाची गंमतगोष्ट चित्रित करायचा. मूकपट. नायक-नायिका गावातलेच, मतं टाकून निवडलेले. आमच्या सिनेमाची ही एकच प्रत उरली होती.

नायक बर्ट, नायिका नेट्टा. पुढे लग्नही त्यांचंच झालं.

मतं मात्र आयव्ही पॅटर्सनला जास्त होती. मतपेटी नेट्टाच्या घरच्या बेकरीत ठेवली होती; तिने आयव्हीच्या नावाच्या चिठ्ठ्या भट्टीत घातल्या. हरल्याचं मनाला लावून घेऊन शूटिंगच्या आदल्या दिवशी आयव्हीने बंदरात जीव दिला. नेट्टा चाळीस वर्षं तोंड शिवून बसली; मला सांगितलं ते या दुपारनंतर.

चर्चच्या हॉलमध्ये मर्डोने प्रोजेक्टर लावला; बघायला नेट्टा आणि मी, एवढेच. बर्ट सायकलवरून शेणात पडला. नेट्टा हसता हसता रडली.

मग...

पडद्यावरच्या गर्दीत मागे एक मुलगी दिसली. सगळे बर्टकडे बघत होते. ती थेट पडद्याबाहेर, हॉलमधल्या नेट्टाकडे बघत होती.

“आत्या, ही कोण गं?”

नेट्टा खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेली. चोराच्या मनात चांदणं. तिने परत लावायला सांगितलं.

दुसऱ्या वेळी आयव्ही गर्दीच्या पहिल्या रांगेत होती.

हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा वास सुटला...

तिसऱ्या वेळी चर्चच्या पायरीवर बर्टच्या हातात आयव्हीचा हात होता. नेट्टा... कुठेच नव्हती.

बर्टने पडद्यातून नेट्टाकडे बोट केलं. त्याचे ओठ हलले. संवादाची पाटी आली.

“ती बाई कोण?”

आयव्ही हसली. दुसरी पाटी आली.

“कुणी नाही.”

मर्डोने झटकन दिवे लावले.

“आत्या, ही फिल्म एका काडीत पेटते. जाळ आणि मोकळी हो.”

“आयव्ही जाईल रे,” नेट्टा म्हणाली, “पण बर्टही जाईल. हलता-हसता तेवढाच उरलाय माझ्याकडे.”

जाळली नाही तिने. प्रोजेक्टरही घरी नेला. मर्डो आता तिच्या दारातही उभा राहत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

ती रोज दुपारी पडदे ओढून भिंतीवर सिनेमा लावते. बर्टने एकदा तरी ओळखावं म्हणून.

तो रोज तेच विचारतो.