धाकटं मशीन

झाडं उतरवण्याचा आमचा धंदा दोघांचा. वर मी, खाली ताई. मी पट्ट्याने स्वतःला खोडाशी बांधून घेतो आणि फांद्या कापतो. ती खालून दोर धरते आणि कापलेली फांदी भिंतीवर, गाडीवर किंवा कुणाच्या डोक्यावर न पडता जमिनीला लागेल असं बघते. एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक कुंपण आणि दोन कुंड्या सोडल्या तर आमच्या हातून काही मोडलेलं नाही. याचं श्रेय ताई स्वतःकडे घेते, आणि ते तिचंच आहे.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. मशीन बंद पडलं तर आधी पेट्रोल बघायचं, मग प्लग, मग फिल्टर. या क्रमाबाहेर जगात काही बिघडतं असं मला कधी वाटलं नव्हतं.

आमच्याकडे एकच चेनसॉ होता. साखळी फिरते ती पट्टी वीस इंची, पेट्रोल भरल्यावर आठ किलोच्या आसपास वजन. बुंधा कापायला त्याला तोड नाही. पण चाळीस फुटांवर लटकून, डोक्याच्या वर हात करून, मनगटाएवढ्या फांद्या त्याने छाटायच्या म्हणजे मुंगी मारायला तोफ. शेवटी उजवा खांदा धरला. सदरा घालताना हात वर जाईना.

"लहान घे एक," ताई म्हणाली. "खांदा काही दुकानात मिळत नाही."

दुकान मिस्त्रींचं. म्हातारा माणूस, मशीनच्या आवाजावरून रोग सांगणारा. त्यांनी फळीवर दोन नवी मशीन ठेवली. एक बॅटरीवरचं, हलकं आणि शांत. पण ऐन कामात बॅटरी उतरली की वर वटवाघळासारखं लटकत बसायचं. दुसरं पेट्रोलचं, चांगलं होतं, पण तोंडाकडे जड, आणि साखळीचे दात वेगळे. म्हणजे धार लावायला कानसही वेगळी. मला मोठ्या मशीनची कानस, मोठ्याचंच तेल चालेल असं हवं होतं. घरात दोन सुना आणि दोन चुली नकोत.

तेवढ्यात खालच्या फळीवरचं तिसरं दिसलं. बारा इंची, जुनं, पण पुसून ठेवलेलं. उचललं. हातात असं बसलं की माझ्याच मापाने घडवलंय म्हणावं. दातही तेच.

"हे कुणाचं?"

"दुरुस्तीला आलं होतं. न्यायला कुणी आलं नाही. अडीच वर्षं झाली." मिस्त्रींनी फडकं उचललं. "महिनाभर वापरून बघ. काही वेगळं वाटलं तर परत आण."

"वेगळं म्हणजे?"

"म्हणजे बिघाड," ते म्हणाले आणि हात पुसायला लागले. हात स्वच्छच होते.

ताईने त्याच दिवशी त्याला धाकटं म्हणायला सुरुवात केली. मोठं मशीन आपोआप थोरलं झालं.

पहिले आठ दिवस मी निव्वळ सुखात होतो. खांदा दुखायचा थांबला. संध्याकाळी हात थरथरत नव्हते. नवव्या दिवशी शाळेच्या मागच्या नीलगिरीवर होतो. फांदीला साखळी टेकवणार, तोच मशीन बंद. बघतो तर उजव्या अंगठ्याजवळचं लाल बटण खाली होतं. बटण वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद. हातमोजा लागला असेल म्हटलं. बटण वर केलं, मशीन सुरू करायची दोरी ओढायच्या आधी सहज फांदीवर हात फिरवला. सालीखाली काहीतरी टोचलं. कुणी तरी कधी काळी तिथे जाड तार गुंडाळली होती आणि लाकूड तिच्यावरून वाढलं होतं. साखळी त्या तारेत अडकली असती तर मशीन उसळून थेट माझ्या तोंडावर आलं असतं.

खाली उतरल्यावर ताईला म्हणालो, "आज नशीब जोरावर होतं."

दुसऱ्यांदा दवाखान्याच्या आवारात. तसंच, अचानक बंद. बटण खाली. या वेळी मी हललो नाही, फक्त नजर फिरवली. पट्टीचं टोक माझ्या कमरेच्या पट्ट्यापासून बोटभर अंतरावर होतं. जागा बदलताना मी पट्टा फांदीच्या पलीकडून घेतला होता आणि साफ विसरलो होतो. आणखी एक क्षण आणि मी पट्टा कापून स्वतःलाच खाली टाकलं असतं.

त्या दुपारी मी मशीनचं झाकण न उघडता जे तपासता येतं ते सगळं तपासलं. पेट्रोल, प्लग, फिल्टर. सगळं ठीक. बटण सैल असेल म्हणून ते वर ठेवून त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली. दोन वेढे, घट्ट. काम संपलं की काढायची, सुरू करताना लावायची.

"बंद होऊन बरंच होतंय की," ताई म्हणाली.

"बरं होतंय म्हणून बिघाड चालवून घ्यायचा का?"

तिने दोर खांद्यावर टाकला.

तिसरी वेळ चार दिवसांनी आली. मोठी फांदी, दोराला बांधलेली. मी वरून खूण केली, खालून ताईने हात केला, मी कापायला घेतलं. फांदी निम्मी कापून झाली होती.

मशीन थांबलं.

अंगठ्याजवळ पाहिलं. बटण खाली. चिकटपट्टी निघाली होती. फाटली नव्हती. कुणी तरी नखाने टोक सोडवून, वेढे उलगडून, पुन्हा वापरता यावी म्हणून तिची नीट गुंडाळी केली होती. ती गुंडाळी पुढच्या मुठीवर, माझ्या डाव्या हाताच्या शेजारी चिकटवलेली होती.

माझे दोन्ही हात मशीनवर होते.

मग मी खाली पाहिलं.

ताई फांदीच्या बरोबर खाली उभी होती. दोर झुडपात अडकला होता, तो सोडवायला आली होती. कानांवर आवाज अडवणारे टोप, मान खाली.

मी ओरडलो. तिला ऐकू गेलं नाही. हेल्मेट काढून तिच्यासमोर फेकलं, तेव्हा तिने वर पाहिलं आणि बाजूला झाली.

फांदी तशीच लोंबत होती. मशीन आणखी दोन श्वास चाललं असतं तर ती तुटली असती.

मी खाली आलो. ताईने मला पाणी दिलं, मग स्वतः प्यायली. मी तिला गुंडाळी दाखवली आणि माझे दोन्ही हात कुठे होते तेही सांगितलं. तिने ती बराच वेळ उलटसुलट करून पाहिली.

"कोण का असेना," ती म्हणाली, "माणूस चांगला आहे."

घरी जाताना ताईने धाकटं मांडीवर घेतलं होतं. पोचल्यावर मी ते मऊ फडक्याने पुसलं, साखळीला तेल दिलं, आणि ताई आत गेल्यावर हळूच म्हणालो, "उपकार झाले." स्वतःचं हसू आलं. पण म्हटल्यावर बरं वाटलं.

महिना भरल्यावर मिस्त्रींकडे गेलो. "ठेवून घेतो," म्हणालो, "फक्त एकदा बटण बघा."

त्यांनी स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि भिंग लावलं. "हे बटण कशालाच जोडलेलं नाही. तार तुटलीय. टोकं गंजलीत, वर्षं झाली असतील. या बटणाने मशीन बंद होणारच नाही."

"रोज होतं."

त्यांनी मशीन फळीवर घट्ट धरलं, दोरी ओढली. सुरू झालं. बटण खाली केलं. मशीन चालूच. वर, खाली, पुन्हा वर, खाली. चालूच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मशीन तसंच माझ्या हातात दिलं. मी बटण वर केलं, मग खाली केलं.

मशीन थांबलं.

मिस्त्रींनी मशीन परत फळीवर घेतलं.

"तार जोडू का?" मिस्त्रींनी हळू आवाजात विचारलं.

"नको," मी म्हणालो. "आहे तसं राहू दे."

यानंतरचे दिवस आयुष्यातले सगळ्यात निर्धास्त गेले. कुणी तरी पाठीशी आहे हे कळणं काय असतं, ते शब्दांत सांगता येत नाही. मी रोज आभार मानायचो. आजही मानतो.

पण एक गोष्ट सांगायची राहिली.

पुढच्या महिन्यात धाकटं साखळी बदलायला मिस्त्रींकडे होतं. एका घरामागचं वाळकं झाड पाडायचं होतं. सोपं काम. सकाळ, वारा नाही, घरात कुणी नाही. मी थोरलं घेऊन बुंध्याशी बसलो. ताई माझ्या शेजारी, पाचर हातात घेऊन.

साखळी सालीला टेकायच्या आत थोरलंही तसंच बंद पडलं, धाकटं तिकडे दुकानात असताना. बटण खाली.

आम्ही दोघांनी सगळं पाहिलं. वर सुटी फांदी नाही. बुंधा ठोकून पाहिला, टणक. लोखंड नाही, तार नाही. भिंतीपलीकडे माणूस नाही. पुन्हा सुरू केलं. पुन्हा बंद.

तिसऱ्यांदा मी दोरी ओढलीच नाही. मशीन जमिनीवर ठेवलं, बटण वर केलं आणि हात काढून घेतला.

आमच्या डोळ्यांदेखत बटण सावकाश खाली आलं. लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी, तसं.

"चल," ताई म्हणाली.

आम्ही निघून आलो. ते झाड दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच माणसाने पाडलं. ताई मुद्दाम जाऊन विचारून आली. काही झालं नाही. अर्ध्या तासात काम संपलं, माणसं सुखरूप, लाकूड आतून धड.

म्हणजे धोका झाडात नव्हता. आणि त्या सकाळी तिथे आम्ही दोघंच होतो. मी मशीन घेऊन, आणि ताई माझ्या शेजारी.

आमचं काम चालू आहे. भांडण नाही, अबोला नाही. फक्त मशीन माझ्या हातात असलं की ताई आता चार पावलं लांब उभी राहते. का, ते मी विचारलेलं नाही.