निवाड्याचा अंधार

त्या संध्याकाळी प्रार्थनाघराच्या दिव्यात तेल घालायला मी नेहमीप्रमाणे लवकर गेलो. आम्हा पंचांपैकी सुतार आधीच येऊन बाक सरळ करीत होता.

"काका, तेल बेतानं घाला," तो म्हणाला. "आज दिव्याला फारसं काम नाही."

खरेच होते. आमच्या मंडळीचा रिवाज असा, की व्यभिचाराचा आरोप असलेल्या बाईला मधल्या तिवईवर बसवायचे आणि निवाड्याच्या क्षणी दिवा मालवायचा. ज्याला क्षमा करावीशी वाटेल, त्याने अंधारातच उठून तिच्या मस्तकावर हात ठेवायचा. एक हात पडला, तरी ती मुक्त. क्षमा करणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून पूर्वजांनी योजलेला हा अंधार आमच्या भित्रेपणाच्याच कामी आला. माझ्या आठवणीत कुणी उठले नव्हते. गेल्या साली शाळेत झाडलोट करणारी एक पोर याच तिवईवरून उठून गेली, ती नदीत सापडली. तिने आपल्याला फसवणाऱ्या पुरुषाचे नाव अखेरपर्यंत सांगितले नव्हते.

आज तिथे शिवणकाम करणारी बाई तान्हे मूल घेऊन बसली होती. हात पडला नाही, तर मूल मंडळीच्या हवाली करून उजाडताच तिला गाव सोडावे लागणार होते.

"बाई, अजून वेळ आहे. मुलाच्या बापाचं नाव सांग," उपदेशक मृदूपणे म्हणाले. करुणेवर त्यांच्याइतके गोड बोलणारा मी दुसरा ऐकलेला नाही.

"तुम्हीच विचारता, महाराज?"

त्यांनी दिव्यावर फुंकर घातली.

जळक्या वातीचा वास पसरला. मूल चुळबुळले. ज्या मुखाने पहाटे त्या दयाघनाला आळवले, तेच मुख आता मिटून बसायचे, हे मला सोसवेना. मी चाचपडत पुढे झालो, हात खाली नेला... तो तिच्या केसांना लागलाच नाही. तिथे आधीच एक हात होता. बारीक बोटांचा, गार, निथळणारा. माझ्या तळव्याखाली तो क्षणभर थांबला आणि अलगद निघून गेला. मागे नदीच्या गाळाचा वास राहिला.

दिवा लागला. बाकीचे सारे जागच्या जागी होते.

"कोण उठलं?" सुताराने विचारले.

"मी."

"तुमच्या आधी एक हात पडला होता, काका," ती पुटपुटली. "ओला..."

तिने दोन्ही हातांनी मूल घट्ट धरले होते. केसांतून पाणी ओघळत होते.

रिवाज मोडण्याची छाती कुणालाच झाली नाही. मूल तिच्यापाशी राहिले. तिचे 'तुम्हीच विचारता' सगळ्यांनी ऐकले होते, पण उपदेशकांना आम्ही काही विचारले नाही. पंच मोठ्यांना विचारीत नसतात.

पुढच्या प्रार्थनेनंतर ते आशीर्वाद द्यायला उभे राहिले. माझी नात त्यांच्यापुढे वाकली. त्यांचा हात उचलला गेला आणि तिच्या डोक्यावर वीतभर अंतरावर अडकून राहिला. त्यांनी जोर लावला, तरी तो खाली येईना.

नातीने मान वर करून पाहिले.

"महाराज," तिने सहज विचारले, "शाळेतल्या या मावशी तुमचा हात का सोडत नाहीत?"