पंखाचं उजवं टोक

मामा गेला तेव्हा त्याच्या टेबलावर हाताने बनवायच्या छोट्या विमानाचा अर्धाच पंख तयार होता. उजवा. हलक्या बाल्सा लाकडाच्या फासळ्या इतक्या सफाईने घासलेल्या, की रस्त्यांची मोजमापं घेण्यात हयात चाललेल्या मलाही त्यात खोट काढता येईना.

त्याच्या या छंदात मामीचं काम आजवर एकच: सांगेल ते धरून उभं राहायचं. हिच्याइतका भरवशाचा चिमटा बाजारात मिळत नाही, असं मामा म्हणायचा. त्यामुळे डावा भाग मी करते, असं ती म्हणाली तेव्हा मी नुसतं हं केलं.

तिने तो केला. आधी केलेले दोन-तीन मोडले, सोलून निघालेली बोटं घेऊन पुन्हा बसली. शेवटी दोन्ही भाग शेजारी ठेवले, तर कुठला कुणाच्या हातचा ते सांगता येईना. मी बघतच राहिले.

जोडायला तिने मला दुपारी बोलावलं. घरात आम्ही दोघीच. वारा नको म्हणून खिडक्या लावलेल्या, गोंदाचा उग्र वास. गोंद धरेपर्यंत दोन्ही टोकं सारखी वर उचललेली राहायला हवीत. एक जरी खचलं तर सांधा वाकडा, आणि मामाच्या हातचा भाग काही पुन्हा मिळणार नव्हता. डावं टोक मी धरलं. उजव्याखाली मामीने लाकडी ठोकळा सरकवला आणि मधला सांधा दोन्ही हातांनी दाबून धरला.

ठोकळा निसटला. टेबलावरून गडगडत खाली गेला.

मी डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा उजवं टोक होतं तिथेच होतं. त्याच्याखाली काही नव्हतं.

गोंद धरला असेल, मी मनाशी म्हटलं. पण सांध्यातून आलेला थेंब अजून ओघळत होता.

"मामी, ते टोक..."

"हलू नकोस." आवाज नेहमीचाच. नजर सांध्यावर.

मी हलले नाही.

बऱ्याच वेळाने तिने थेंब नखाने टोकरून पाहिला. तो कडक झाला होता.

"सोड आता," ती मला म्हणाली.

मी सोडलं. तिनेही हात काढून घेतले. पंख तसाच राहिला, दोन्ही टोकं वर.

मग तिने उजवीकडे मान वळवली.

"तुम्हीही सोडा."

उजवं टोक सावकाश खाली आलं. टेबलाला टेकलं, तेव्हा आवाज झाला नाही.