सरदाराची डावी बाजू

माझा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि मी लॅबमध्ये बसून मेण, प्लॅस्टर आणि अ‍ॅक्रिलिकमधून कुणाचं तरी हसू परत उभं करते. अर्धा मिलिमीटर चुकला तर समोरच्याला घास चावता येत नाही, त्यामुळे ‘साधारण’ हा शब्द मला सहनच होत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना बाई भोळसट दिसते असं कुणाला वाटायला नको.

नवऱ्याचा धंदा नकाशे काढण्याचा आणि वेड सैनिकांचं. अंगठ्याच्या पेराएवढे जपानी योद्धे तो विकत आणायचा, घासूनपुसून जोडायचा, आधी काळा प्रायमर मारायचा आणि मग भिंगाखाली रंगवायचा. चिलखताची एकेक पट्टी, शिरस्त्राणाची दोरी, पाठीवरचं उभं निशाण, सगळं. मागच्या खोलीत सहा फूट बाय चार फुटांचं टेबल होतं आणि त्यावर त्याचा मुलूख. तापलेल्या तारेने थर्माकोल कापून केलेल्या टेकड्या, काड्यांचा पूल, बांध घातलेली भातशेती, आणि वरच्या टेकडीवर कापडी पडद्यांनी तीन बाजूंनी वेढलेला तळ. त्या तळात घडीच्या स्टुलावर निळ्या फौजेचा सरदार बसलेला. समोरची फौज काळी होती, म्हणजे नुसता प्रायमर मारून ठेवलेली. त्यांना अजून चेहरे नव्हते.

क्लबात त्याचे मित्र अशा फौजा समोरासमोर मांडून, फासे टाकून लढाया खेळत. याला फासे पटत नसत. त्याने स्वतःचे नियम वहीत लिहून काढले होते आणि दोन्ही बाजूंनी एकटाच खेळायचा. एका फेरीत पायदळ सहा इंच चालणार, घोडेस्वार बारा. आणि नियम पहिला, लाल शाईत: हात सुटला की चाल झाली.

आठव्या फेरीत, निळ्यांची पाळी असताना, तो टेबलाशीच कोसळला. वहीत ‘निळे’ एवढा शब्द आहे आणि पुढे पेनाची एक लांब रेघ.

डावं अंग गेलं. हा डावखुरा, म्हणजे रंगवायचा हातच गेला. शिवाय डावी बाजू त्याच्या लेखी उरलीच नाही. डोळे ठणठणीत होते, पण डॉक्टर म्हणाले, मेंदू डावीकडची दखल घेत नाही. तो अर्धीच दाढी करायचा आणि गुळगुळीत उजव्या गालावरून हात फिरवत ‘छान झाली’ म्हणायचा. पहिल्यांदा मला हसू आलं. मग मी मोरीत जाऊन रडले.

फिजिओ बाई रोज सकाळी यायच्या. त्यांनी एक दिवस मला दाराबाहेर घेऊन स्पष्टच सांगितलं, “पहिल्या तीन महिन्यांत जे परत येईल ते खरं. आणि ह्यांना उठायची इच्छाच दिसत नाही मला.”

मी त्या दिवसापासून कंबर कसली. त्याला म्हणाले, “तुझी निळी फौज मी पुरी करते. तू बरा हो आणि क्लबात जाऊन मांड.”

“तू?” तो म्हणाला. “बाईसाहेब, ते दात नव्हेत.”

“दात परवडले. ते चावतात तरी.”

दोन आठवड्यांत तो पहिल्यांदा हसला, अर्ध्या तोंडाने. मला तेवढं पुरेसं होतं.

लॅबमधून पाचला सुटले की सहापर्यंत मी खोलीत. डाव्या बगलेचे सहा भालेकरी आधी उचलले, बाटल्यांच्या झाकणांवर चिकटवले, रंगवले, वार्निश मारलं आणि परत टेबलावर ठेवले. नेमके पूर्वीच्या जागी नाही; शेताच्या कडेला बरे दिसतील म्हणून थोडे पुढे. खेळणाऱ्या माणसाने असं कधीच केलं नसतं. मी मात्र शोकेस लावावी तसं लावून हात झटकले.

दुसऱ्या दिवशी आले तर काळ्यांची पहिली रांग पुढे आलेली होती.

ताई, म्हणजे माझी नणंद, दिवसभर भावाजवळ बसायची. मी तिला विचारलं, “खोलीत झाडायला गेला होतात का?”

“तुमच्या त्या बाहुल्यांना मी हातही लावत नाही,” ती फणकारली. “तसल्या काळ्या तोंडाच्या. दार उघडं असलं तरी मी लोटून घेते.”

ताई खोटं बोलत नाही. तिला ते जमतच नाही. मी स्टीलची पट्टी आणली आणि जुन्या जागी धुळीत उमटलेल्या गोलांपासून मोजलं. सहा इंच. सगळे. एकाचंही साडेसहा नाही.

मग मी काळ्यांच्या पायांखालच्या चकत्यांभोवती पेन्सिलीने गोल काढले, खिडकीला कडी घातली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. निळ्यांचे तिरंदाज रंगवून झाले होते. ते पुलापाशी ठेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. काळे गोलांच्या सहा इंच पुढे होते आणि पुलावरचा निळा पहारेकरी आडवा पडला होता.

त्याच दिवशी सकाळी फिजिओ बाईंनी त्यांच्या वहीत लिहिलं होतं: डावा घोटा कालपर्यंत जरा हलू लागला होता, आज प्रतिसाद नाही.

मी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या नाहीत. निदान त्या दिवशी नाही. मी हिशोबी बाई आहे. एका मापावरून कवळी बनवत नाही.

त्या आठवड्यात भातशेतात पाणी भरायचं होतं. हे पाणी म्हणजे दोन बाटल्यांतलं रसायन, मोजून मिसळायचं आणि पातळ थरात ओतायचं. घट्ट व्हायला पुरा दिवस लागतो, आणि तोवर ते चिकट जेलीसारखं असतं. दुपारच्या सुट्टीत घरी येऊन मी ते ओतलं आणि हाताशी आलेले तिरंदाज बांधावर सरकवले. कुलूप लावलं आणि परत कामावर गेले.

संध्याकाळी काळ्यांचे चार जण शेताच्या अलीकडे उभे होते. त्यांच्या मागे, अर्धवट गोठलेल्या पाण्यात, त्यांची वाट उमटलेली होती.

हे सैनिक गोल चकतीवर चिकटवलेले असतात. चकती सरकली तर गोल उमटेल किंवा चर पडेल. मी भिंग लावून पाहिलं. एकामागून एक पावलं होती, तांदळाच्या दाण्याएवढी, डावं, उजवं, डावं. टाच खोल गेलेली. अंगावर ओझं घेऊन चिखलातून चालणाऱ्या माणसाची जाते तशी.

दोन निळे पडले होते. पलंगावर नवऱ्याचा डावा खांदा, जो परवापर्यंत थोडा उचलला जात होता, तो नुसता लोंबत होता.

मी चार दिवस टेबलाला हात लावला नाही. चारही दिवस काही हललं नाही, इकडे नाही आणि पलंगावरही नाही. तो खाली गेला नाही, वरही आला नाही. फिजिओ बाईंनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. तीन महिन्यांतले पाच आठवडे उरले होते.

हात लावला नाही तर हरत नाही, पण माणूस असाच राहतो. मला तो असा नको होता. मला तो उभा हवा होता, माझ्याशी वाद घालणारा, दोन्ही गाल गुळगुळीत केलेला.

मी त्याची नियमांची वही घेऊन बसले. लहान मुलाने पाढे पाठ करावे तशी पाठ केली. तिरंदाज किती लांब मारतात, उंचावरच्याला काय फायदा, घोडेस्वार चिखलात किती अडतात. मग त्याच्या पलंगाशी जाऊन विचारलं, “काळे शेत ओलांडून आलेत. तू काय केलं असतंस?”

“तिरंदाज टेकडीवर घे. भालेकरी बांधाच्या आड.” मग म्हणाला, “काळ्यांची चाल कोण करतंय?”

“तूच सांग.”

“मी तिकडच्या बाजूला बघत नाही,” तो म्हणाला, “हे बरंच आहे म्हणायचं.”

त्याने जास्त काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण तेव्हापासून रोज त्याला पटावरची स्थिती सांगायची, तो चाल सांगणार आणि मी ती करणार. त्याच्या डोळ्यांत धार परत आली. ताई म्हणाली, “तुम्ही दोघं कसली खलबतं करता कोण जाणे, पण हा जेवायला लागला बाई.”

आम्ही काळ्यांना पाणी पाजलं. पहिल्याच दिवशी तीन पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याच्या डाव्या पायाचा अंगठा हलला आणि फिजिओ बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग घोटा आला, गुडघा आला. मी लॅबमध्ये कवळ्या घासताना चक्क गुणगुणत होते. एका डॉक्टरांनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना.

चूक नवव्या दिवशी कळली. मी त्याला रोज पट सांगत होते आणि तो चाली काढत होता, पण आमच्या सरदाराच्या डाव्या बगलेवर त्याने एकही चाल सांगितली नव्हती. एकही नाही. ती बाजू त्याच्यासाठी नव्हतीच. आणि मी त्याच्या शब्दांवर इतकी विसंबले होते की मीही तिकडे पाहिलं नव्हतं. टेकडीला वळसा घालून काळ्यांचे दोन घोडेस्वार वर आले होते. सरदाराच्या पडद्यापासून मोजलं. अकरा इंच.

पुढच्या चालीला ते आत असणार होते. त्यांना अडवायला पोचेल असा एकही निळा नव्हता.

मी वही उलटीसुलटी केली. शेवटून दुसऱ्या पानावर सापडलं: सरदाराच्या अंगाला टेकून उभा असलेला रक्षक सरदारावरचा घाव स्वतःवर घेतो. रक्षक कुठल्याही फेरीत तळात उतरवता येतो. एकच.

“तू रक्षक कधी ठेवला नाहीस,” मी त्याला म्हणाले.

“सरदाराने आपला घाव आपण खावा.”

“पण वहीत नियम आहे.”

“आहे.” त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “काय चाललंय तुझं? नको.”

“तू लिहिलायस ना? मग झालं.”

“ऐक माझं. नको म्हणतोय मी.”

मी ऐकलं नाही. तीस वर्षांत कधी ऐकलंय?

त्याच्या खणात एकच मूर्ती उरली होती. हातात लांब दांड्याचं, वाकड्या पात्याचं शस्त्र घेतलेली बाई. माझ्या सैन्यात एक तरी खमकी बाई हवी, असं म्हणून त्याने गेल्या वर्षी आणली होती. चिलखत उघडं धातूचंच होतं, पण चेहरा रंगवून झालेला. मी भिंग लावलं. हनुवटीवर उजवीकडे तीळ होता. माझ्या आहे तिथेच.

तो रविवार होता. सकाळी आठला बसले आणि दुपारी तीनला उठले. चिलखत निळं, दोऱ्या पांढऱ्या, पात्याला चांदी. इतकं स्वच्छ काम मी आयुष्यात केलेलं नाही. हात जराही कापला नाही, हे मला नमूद करायचं आहे.

तिला सरदाराच्या डाव्या बाजूला, अंगाला अंग लावून उभं केलं.

आणि हात सोडला.

सोमवारी संध्याकाळी कुलूप उघडलं. तळाचे पडदे फाटले होते. घोडेस्वार आत उभे होते. बाई आडवी पडली होती, डाव्या कुशीवर.

सरदार स्टुलावर होता.

उरलेलं सोपं होतं. आत अडकलेले स्वार आम्ही घेरले. दोन फेऱ्यांत काळ्यांचा शेवटचा माणूस पडला. मी सगळ्यांना कापसात गुंडाळून खोक्यात भरलं.

या गोष्टीला आता चार महिने झाले. तो काठीशिवाय चालतो. डाव्या हाताने चहा गाळतो, ब्रश धरतो, आणि दोन्ही गालांची दाढी करून माझ्याशी वाद घालतो. फिजिओ बाई आमचं उदाहरण इतरांना देतात. मला काहीही झालेलं नाही. लॅबमध्ये दोन-तीन कवळ्या परत आल्या, एका बाजूला दातच नाहीत म्हणे. डॉक्टर लोक हल्ली फारच किरकिर करतात. ताईचीही तक्रार असते की मी तिला उत्तर देत नाही. ती कुठे बसून बोलते कोण जाणे.

हे सगळं मी गेल्या आठवड्यात लिहून काढलं आणि आज दुपारी त्याला वाचायला दिलं. त्याने पानं एकदा वाचली, परत पहिल्यापासून उलटली आणि माझ्याजवळ येऊन खाली बसला. त्याचे डोळे भरून आले होते.

“सगळं खरं लिहिलंयस,” तो म्हणाला. “पण प्रत्येक पान डावीकडून अर्धं कोरं का सोडलंस?”

मी पानं हातात घेऊन नीट पाहिली, एकेक करून.

कोरं काहीच नव्हतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत माझंच अक्षर होतं.